काकाच्या दुखण्याची वही

रेवा आणि निखिल, मी लखनौला निघाले तेव्हा तुम्ही दोघांनी मेलबर्नहून फोनवर एकच प्रश्न विचारला होता. "आजी, काका आता चालायला लागणार का?" गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी "बघू" म्हणून सुटका करून घेतली. चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला शोभणारं ते उत्तर नव्हतं. आता नागपूरला परत आले आहे, बॅग रिकामी झाली आहे, तेव्हा नीट उत्तर देते. नाही, काका चालणार नाही. मी त्यासाठी गेलेच नव्हते. त्याचं दुखणं कमी होण्याची काही वाट आहे का, एवढंच बघायला गेले होते. जिथे मराठी अडेल तिथे बाबाकडून वाचून घ्या. हिंदी तर त्याच्याकडूनच वाचून घ्यावी लागेल.

तुम्हाला वाटेल, ज्याला कमरेखाली काही जाणवत नाही त्याचे पाय दुखतील कसे? मलाही बरेच दिवस हेच कोडं होतं. तीन वर्षांपूर्वी अलीगंजमध्ये एका न रंगवलेल्या गतिरोधकावरून काकाची स्कूटर उडाली आणि त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कण्यातून खाली जाणारी तारांची जुडी समजा. जुडी तुटली की पायांच्या खऱ्या बातम्या मेंदूपर्यंत पोचत नाहीत, पण तुटलेल्या टोकांपासून खोट्या बातम्या मात्र येत राहतात. पाय भाजतायत, पायात वीज शिरते आहे, कुणीतरी पिळतं आहे. बातमी खोटी, पण दुखणं अगदी खरं. गोळ्यांनी ते थोडं दबतं, पण गोळ्यांनी काका दिवसभर पेंगतो आणि त्याला तर नोकरी करायची आहे.

मानक नगर

काका राहतो ती रेल्वेच्या संशोधन खात्याची वसाहत आहे. शिरीष आणि कडुलिंबाची झाडं, पिवळ्या रंगाचे क्वार्टर, आणि जानेवारीत सकाळी दहापर्यंत धुकं. समोरच्या घरातला माणूस दिसत नाही, फक्त त्याचा खोकला ऐकू येतो. नागपूरची थंडी स्वेटरने भागते. इथे मी पायमोजे, कानटोपी आणि संगीता काकूची शाल असा सगळा पोशाख करून स्वयंपाकघरात वावरत होते.

दारात लोखंडी रॅम्प आहे. तो काकाच्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी बनवून दिला. त्याचा उतार किती ठेवायचा यावर म्हणे त्यांनी तीन बैठका घेतल्या.

"जपून ये, आई," काका व्हीलचेअरवरून म्हणाला. "पण घसरणार नाहीस तू. पांडेजींनी स्वतः ओल्या चपलांनी चाचणी घेतली आहे."

तो थकलेला दिसला. डोळ्यांखाली काळं, आणि हसताना एकच गाल हलत होता. मी विचारलं, "कसं आहे रे?"

"मस्त. तू आलीस ना, आता पाटोडीचा रस्सा होऊ दे."

तुमची चुलत बहीण मैत्री आता तेरा वर्षांची आहे आणि तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून हिंदीच निघते. मी विचारते, "मैत्री, जेवलीस का?" ती म्हणते, "जी दादी, आप भी खा लीजिए, ठंडा हो जाएगा।" आपल्याकडे आईला आणि आजीलाही 'तू' म्हणतात, त्यात माया असते. इथे दूधवाल्याच्या दोन वर्षांच्या नातीलाही लोक 'आप' म्हणतात. सुरुवातीला मला वाटलं, मैत्री माझ्यावर रागावली आहे की काय.

त्या संध्याकाळी संगीताने ताज्या मटारचा निमोना केला होता. मटार वाटून त्याची आमटी, त्यात बटाटा आणि वडी. मी माझं नागपुरी तिखट वरून घातलं तर मैत्री म्हणाली, "दादी, निमोना रो देगा।"

हॉस्पिटल

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी सगळं नियमाने केलं आणि त्यांची जाहिरात करणं माझं काम नाही. आम्हाला भेटल्या त्या डॉक्टर नुसरत. चाळिशीच्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या. मला खुर्ची दिली, काकाची व्हीलचेअर स्वतः ओढून समोर घेतली आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "अम्मा, मैं आपसे कोई वादा नहीं करूँगी।"

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला थोडक्यात सांगते. माणसाच्या हाडांच्या आत मगज असतो, त्यात काही मूळ पेशी असतात. इंग्रजीत ज्याला स्टेम सेल म्हणतात त्या. काकाच्या कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज काढायचा, प्रयोगशाळेत काही आठवडे त्या पेशी वाढवायच्या, आणि मग कण्याभोवतीच्या पाण्यात त्या इंजेक्शनने सोडायच्या. त्या पेशी नवा मज्जारज्जू तयार करत नाहीत. आशा इतकीच की त्या जखमेभोवतीची जळजळ शांत करतील आणि खोट्या बातम्यांचा गोंगाट कमी होईल.

"होईल का?" मी विचारलं.

"यही तो देख रहे हैं। ये इलाज नहीं है अम्मा, अभी तलाश है।"

आपल्या देशात असल्या दुखण्यावर मूळ पेशी फक्त रीतसर मंजूर झालेल्या अभ्यासातच देता येतात. डोकेदुखी, ताप, जंतुसंसर्ग, अगदी दुखणं वाढणं, हे सगळं होऊ शकतं, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. आणि म्हणाल्या, "जो गारंटी दे, उसके दरवाज़े से उलटे पाँव लौट आइएगा।"

अभ्यासात घ्यायचं की नाही हे ठरवायला त्यांनी काकाला एक छोटी वही दिली. चौदा दिवस, रोज सकाळी आणि संध्याकाळी, शून्य ते दहामधल्या एका आकड्याभोवती गोल काढायचा. शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे कल्पनेपलीकडचं. चौदा दिवसांची सरासरी पाच किंवा त्याहून जास्त आली तरच माणूस अभ्यासात. उगाच थोडक्या दुखण्यासाठी कुणाच्या कण्यात सुई घालायची नाही, असा नियम.

वहीवरच्या सूचना इंग्रजीत होत्या. घरी आल्यावर सगळ्यांना बसवून मी त्या मोठ्याने वाचल्या आणि मराठीत समजावल्या. त्यात दोन चुका होत्या, त्या पेन्सिलने दुरुस्तही केल्या. चौथी सूचना अशी होती की ही वही रुग्णाने स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय आणि कुणाशी चर्चा न करता भरावी. तीही मी वाचली. स्वच्छ उच्चारांत वाचली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही बघते तर पहिल्याच पानावर काकाचे दोन गोल. एक आठाला होता, दुसरा सातापासून निघून आठाच्या पोटात शिरला होता. तुमच्या काकाचं अक्षर पहिलीपासून असंच आहे. एवढ्या महत्त्वाच्या कागदावर असला गबाळेपणा मला बघवेना. मी म्हटलं, "मिलिंद, आण इकडे ती वही. तू आकडा सांग, गोल मी काढते."

"आई, त्यात लिहिलंय की..."

"ते ज्यांना घरचे आकडे सांगतात त्यांच्यासाठी. मी कुठे आकडा सांगते आहे? मी फक्त गोल काढते."

संगीता मटार सोलत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा सोलायला लागली. काका माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं. काढ."

चौक आणि दगडी हत्ती

मग रोज सकाळी चहा झाला की मी निळं पेन घेऊन बसे. "किती?" काका माझ्याकडे बघे आणि म्हणे, "पाच." संध्याकाळी, "चार." दोन-तीन दिवसांनी एकदा "तीन" आला. मी गोल असे काढले होते, जणू कंपासनेच काढलेत.

मला काय वाटत असेल सांगा. तुमच्या बाबाला मी फोनवर म्हटलंसुद्धा, "राहुल, घरचं जेवण आणि नियमित वेळ, दुखणं आठावरून तीनवर आलं." तो म्हणाला, "वा, आई." मला त्या 'वा'चा फार आनंद झाला.

एका रविवारी सकाळी संगीताने गाडी काढली आणि आम्ही सगळे चौकात मक्खन मलाई खायला गेलो. ही फक्त थंडीत मिळते. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. केशरी रंगाचा तो फेस पानाच्या द्रोणात देतात. तोंडात घातला की काही घातलं होतं की नाही अशी शंका येते. आपल्या संत्र्याच्या बर्फीला निदान चावावं तरी लागतं.

परत येताना काकाच्या खुर्चीचं पुढचं चाक नालीच्या जाळीत अडकलं. समोरासमोरच्या दुकानांतले दोन म्हातारे दुकानदार धावत आले. एक म्हणाला, "आप उधर से पकड़िए।" दुसरा म्हणाला, "नहीं हुज़ूर, आप बड़े हैं, पहले आप हाथ लगाइए।" असं दोन-तीनदा झालं.

काका म्हणाला, "आप लोग इत्मीनान से तय कर लीजिए, मैं तो बैठा ही हूँ।"

अख्खी गल्ली हसली. खुर्ची निघाली, आणि त्यांनी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. तिथूनच आम्ही गोमतीनगरच्या दगडी हत्तींच्या स्मारकावर गेलो. फरशी इतकी रुंद आणि गुळगुळीत की काकाने खुर्ची स्वतः पळवली आणि मैत्री मागे धावली. हत्ती दोन्ही बाजूंना रांगेने उभे, जणू शाळेची प्रार्थना सुरू आहे. शेवटच्या हत्तीपाशी काका थांबला आणि बराच वेळ पाठमोरा राहिला. मला वाटलं, दम लागला. त्या संध्याकाळी त्याने आकडा सांगितला, "तीन."

अलीगंज

माझी नागपूरची मैत्रीण मेश्रामबाई अलीगंजमध्ये राहते. तिचे यजमान बँकेतून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे दोन दिवस राहायला गेले. दार उघडताच, "जयभीम बाई! काहून एवढी वाळली बापा तू?" चाळीस वर्षं लखनौत राहूनही तिच्या तोंडातली नागपुरी बोली गेली नाही. आम्ही गच्चीवर उन्हात बसून काळं मीठ लावलेले पेरू खाल्ले, आणि शेजारच्या शाळेची घंटा झाली की मी सवयीने उठून उभी राहिले. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली.

परत आले तर वहीत त्या दोन दिवसांचे गोल काकाने स्वतः काढले होते. आठ, सात, आठ, आठ. वाकडेतिकडे.

मी संगीताला म्हटलं, "बघ, मी दोन दिवस नव्हते तर कसं वाढलं."

तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं. "हो, आई," म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

पोरांनो, मला हे लिहिताना लाज वाटते, पण त्या रात्री मी समाधानाने झोपले.

पुन्हा हॉस्पिटल

चौदा दिवस झाल्यावर आम्ही वही घेऊन गेलो. डॉक्टर नुसरत यांच्या सहायकाने आकडे मांडले आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"चार पूर्णांक आठ," त्या काकाला हिंदीत म्हणाल्या. "पाचाच्या खाली. मिलिंद साहब, अफ़सोस है, नियमानुसार मी तुम्हाला घेऊ शकत नाही."

संगीताचा हात तोंडाकडे गेला. मी म्हटलं, "पण ही तर चांगली गोष्ट झाली ना? दुखणं कमी झालं आहे."

डॉक्टर वहीची पानं उलटत होत्या. माझे गोल, माझे गोल, मग काकाचे चार वाकडे गोल, मग पुन्हा माझे. त्या पहिल्या पानावर परत गेल्या. मग त्यांनी वही काकासमोर धरली आणि फार हळू विचारलं, "मिलिंद साहब, ये जो चार है, ये आपका है या अम्मा का?"

काका खिडकीकडे बघत म्हणाला, "अम्मा का।"

डॉक्टर मला म्हणाल्या, "आप बुरा मत मानिए। या शहरात कुणालाही 'कैसे हैं' विचारलं तर मरता माणूसही म्हणतो, आपकी दुआ है. म्हणूनच आम्ही ती चौथी सूचना छापली आहे. आईने विचारलं की मुलगा खरं सांगत नाही. माझा भाऊही सांगत नाही."

मी म्हटलं, "मी आत्ता सगळे आकडे दुरुस्त करून देते, त्याला विचारून."

"नहीं अम्मा। जो लिख गया, लिख गया।" नियमात एकच सवलत होती. वही भरताना सूचना पाळली गेली नसेल तर ती रद्द करून माणसाला आणखी एकदा, फक्त एकदा, नवी वही देता येते. या तुकडीत एक जागा उरली होती. ती भरेपर्यंत थांबता येईल, पण ती आमच्यासाठी राखून ठेवता येणार नाही.

काकाने नवी वही घेतली नाही. म्हणाला, "सोचकर बताता हूँ।"

गाडीत मी गप्प राहू शकले नाही. "खोटं बोललास तू माझ्याशी. रोज, दोनदा."

"हो."

"का?"

"तू निळं पेन घेऊन माझ्याकडे बघायचीस, आई. सात म्हटलं असतं तर तुझा चेहरा पडला असता, मग तू जेवली नसतीस, मग राहुलला फोन, मग त्याचा मला फोन. चार म्हटलं की सगळं घर जेवायचं."

"आणि त्या हत्तींजवळ तीन?"

"त्या दिवशी नऊ होता," तो म्हणाला. "पण मैत्री इतकी खूश होती."

संगीता गाडी चालवत होती. मी तिला म्हटलं, "तुला माहीत होतं."

"होतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही किती छान गोल काढत होतात."

यावर काका हसायला लागला, आणि हसता हसताच गाडीच्या दाराची मूठ दाबून धरून थांबला.

दुसऱ्या दिवशी मेश्रामबाईच्या यजमानांचा फोन आला. त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी दुसऱ्या शहरातल्या एका क्लिनिकचा नंबर दिला होता. तिथे वही नाही, सरासरी नाही, दोन दिवसांत इंजेक्शन. माझ्या चुकीने बंद झालेलं दार दुसरीकडून उघडत होतं. मी दार लावून घेतलं आणि फोन केला.

"बिल्कुल गारंटी है अम्माजी," पलीकडचा माणूस म्हणाला. "दर्द तो जाएगा ही, तीन महीने में चलाकर भेजेंगे।"

मी विचारलं, पेशी कुठून आणता? मंजुरी कुणाची आहे? नंतर रुग्णाला किती दिवस तपासता? दुखणं वाढलं तर काय करता? शाळेत तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना मी असेच प्रश्न उलटे विचारत असे. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आलं, "आप बस आ जाइए अम्माजी, सब हो जाएगा।"

आणि तरीही, रेवा, निखिल, मी तो नंबर फाडायला अर्धा तास घेतला. चलाकर भेजेंगे. हे शब्द आईच्या कानात गेले की बाहेर निघायला वेळ लागतो.

मग मी काकाच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "नवी वही घे. मी अलीगंजला जाते राहायला. तुला मोकळेपणाने भरता येईल."

तो लॅपटॉपवर रेल्वेच्या डब्याच्या थरथरीचे आलेख बघत होता. त्याचं कामच ते, डबा रुळांवर किती हलतो हे मोजणं. म्हणाला, "आमच्याकडे एकदा एक शिकाऊ इंजिनियर सेन्सर पडू नये म्हणून चाचणीभर त्यावर हात ठेवून बसला होता. फार काळजीने. सगळं रीडिंग वाया. पुन्हा भोपाळपर्यंत गाडी न्यावी लागली."

"कळलं. म्हणूनच जाते म्हणते."

"नको जाऊस. तू गेलीस तर मला तुझ्या माघारीच खरं सांगता येतं असं होईल. इथेच राहा. फक्त हात काढ."

चौदा दिवस

ते चौदा दिवस मला गेल्या कित्येक वर्षांत सर्वांत कठीण गेले, आणि लखनौचं ऊन मात्र त्याच दिवसांत छान पडायला लागलं. धुकं सरलं, वसाहतीत डेलिया आणि शेवंती फुलली. मी मैत्रीला मराठी वाचायला शिकवलं. ती 'ळ'पाशी अडायची आणि म्हणायची, "दादी, ये अक्षर छोड़ दें क्या? इसका कोई काम तो है नहीं।" मी सकाळी "किती?" म्हणत नसे. वही काकाच्या उशीजवळ असे, तिकडे मी जात नसे.

पण आता काकानेही नाटक सोडलं होतं. पाचव्या दिवशी मी पाटोडीचा रस्सा केला होता. दोन घास खाल्ले आणि त्याने ताट पुढे सरकवलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आई, आत्ता नाही जमत," तो म्हणाला आणि खुर्ची वळवून खोलीत गेला. आतून दात दाबून काढलेला आवाज आला. तो आवाज इतक्या दिवसांत मी एकदाही ऐकला नव्हता. म्हणजे तो होता, फक्त माझ्यापासून लपवलेला.

मी उठले. संगीताने माझ्या मनगटावर हात ठेवला. "बसा, आई. जेवा."

"कशी जेवू गं?"

"मी तीन वर्षं जेवते आहे," ती म्हणाली.

मी बसले आणि जेवले. सगळं ताट संपवलं. मैत्रीने न सांगता माझ्या वाटीत रस्सा वाढला. अर्ध्या तासाने काका बाहेर आला, त्याचं ताट पुन्हा ओढून घेतलं आणि म्हणाला, "गार झाला का? होऊ दे, गारही चांगला लागतो." त्याने बघितलं की आम्ही जेवलो आहोत. मला वाटतं, त्या दिवसापासून त्याला वहीत लिहिणं सोपं गेलं असावं.

पंधराव्या दिवशी वही त्याने स्वतः डॉक्टरांच्या हातात दिली. जागा अजून होती. सरासरी किती आली ते मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. डॉक्टर नुसरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ले लिया।" त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आणि ते मला आवडलं. माझ्या मुलाला एवढं दुखतं हे सिद्ध झालं होतं, त्यात हसण्यासारखं काय असणार?

इंजेक्शनचा दिवस

कमरेच्या हाडातून मगज काढणं अर्ध्या तासाचं काम निघालं. मग पेशी वाढेपर्यंत आठवडे गेले. मी परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं. त्या दिवसांत थंडी संपली, रजया धुतल्या गेल्या, रस्त्यावर पेरूंच्या जागी काकड्या आल्या.

इंजेक्शन द्यायला फार वेळ लागला नाही. नंतर काकाला बराच वेळ आडवं पडून राहायचं होतं. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं आणि थोडा ताप चढला. डॉक्टर आल्या, त्यांनी सवयीने विचारलं, "दर्द कितना है?" मी पलंगाच्या या बाजूला उभी होते. काकाने माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "पैरों में आठ। सिर में भी छह होगा।"

मी त्याच्या कपाळावरचा ओला रुमाल बदलला. माझा चेहरा पडला की नाही मला माहीत नाही. पडलाही असेल, पण त्यासाठी त्याने आकडा बदलला नाही.

दोन दिवसांत ताप उतरला. आठवड्याने मी निघाले. स्टेशनवर मैत्री म्हणाली, "दादी, लवकर या." पहिल्यांदाच पूर्ण मराठी वाक्य, आणि मला 'या'! मी काही दुरुस्त केलं नाही.

नागपूर

आता मला येऊन दोन महिने होत आले. डॉक्टर अजून बराच काळ काकाला तपासत राहणार आहेत, कारण इंजेक्शन मिळालं या आनंदानेसुद्धा माणसाला काही दिवस बरं वाटतं, आणि बरं वाटलेलं टिकतं का हेही बघायचं असतं. त्यांनी अजून कुठलाही वादा केलेला नाही. मीही तुम्हाला करत नाही.

काका रविवारी फोन करतो आणि आपण होऊन आकडा सांगतो. पहिले काही रविवार, आठ, सात, आठ. एकदा नऊ. नऊ म्हणाला त्या दिवशी मी "बरं" म्हटलं, त्याच्याशी वसाहतीतल्या आंब्याच्या कैऱ्यांवर दहा मिनिटं बोलले, आणि फोन ठेवून मग खुर्चीवर बसले. त्याच्या पुढच्या रविवारी सात. त्याच्या पुढे सहा. मग पुन्हा आठ.

गेल्या रविवारी तो म्हणाला, "आई, हा आठवडा पाच गेला. दोन रात्री मी मध्ये उठलो नाही. संगीता घाबरून मला हलवून बघत होती."

"पाच?" मी म्हटलं.

"पाच. पण कालची संध्याकाळ सात होती, तेही सांगतो."

पाच म्हणजे काही फार नाही, पोरांनो. पाच म्हणजे अजूनही दुखतं. पण हा पाच त्याने माझ्यासाठी सांगितलेला नव्हता. मी फोन ठेवला, पोळ्या लाटल्या, आणि त्या दिवशी ताटातलं सगळं मनापासून जेवले.